जेवणानंतर दोन तासांनी

त्या सोमवारी आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी कागद वाचला. माझ्या बायकोला मधुमेह होता. उपाशीपोटी दोनशे चौदा, जेवणानंतर दोन तासांनी तीनशे सहा. तिने कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि ती शाळेत गेली. मी कॉलेजात गेलो.

तेव्हा आम्ही विरार पूर्वेला, चंदनसारला राहायचो. ती वसईतल्या एका शाळेत गणित शिकवायची आणि मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. मुलगी आठवीत होती. त्या उन्हाळ्यात बायकोला सारखी तहान लागायची. ती म्हणायची, खडूची धूळ घशात जाते, त्याने होतं. दुसरा तास संपायच्या आत तिची बाटली रिकामी व्हायची. घरी आल्यावर माठापाशी उभ्या उभ्या ती चार भांडी पाणी प्यायची. आमच्या इमारतीला पाणी टँकरने यायचं, आणि खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात भेटले की म्हणायचे, "वहिनी, एक टँकर तुमच्या नावाने वेगळाच सांगू का?" सगळे हसायचे, तीही हसायची. विळीने कापलेला अंगठा तीन आठवडे भरला नाही तेव्हा कुठे आम्ही तपासणी केली.

संध्याकाळी ती मला घेऊन पुन्हा दवाखान्यात गेली. डॉक्टरांची दोन्ही मुलं तिच्या शाळेत होती, त्यामुळे तेही तिला बाईच म्हणायचे.

"डॉक्टर, गोड खाऊ नका एवढं सांगून मला घरी पाठवू नका. साखर वाढते म्हणजे आत नेमकं काय होतं?"

बाहेर पेशंट बसले होते, तरी त्यांनी सांगितलं. "बाई, भात खा, पोळी खा, केळं खा, शेवटी त्याची साखर होते आणि ती रक्तात येते. रक्तातून ती शरीरभर पेशींमध्ये शिरायला हवी, म्हणजे ताकद मिळते. ती आत शिरायला इन्शुलिन लागतं. तुमचं इन्शुलिन पुरत नाही, आणि जेवढं आहे तेवढंही नीट काम करत नाही. म्हणून साखर रक्तातच साचते."

"म्हणजे हौद आणि नळ," ती म्हणाली.

"काय?"

"एक नळ हौद भरतो, दुसरा रिकामा करतो. माझा भरणारा नळ धो धो चालू आहे आणि रिकामा करणारा गंजलाय."

डॉक्टर हसले. "अगदी तसंच."

"मग नळ बदला."

"बदलता येत नाही. गोळीने सैल होतो, चालण्याने आणखी सैल होतो. आणि भरणारा नळ किती सोडायचा, ते तुमच्या हातात आहे."

घरी येताना ती माझ्यापुढे दोन पावलं चालत होती. आनंदात असली की ती तशी चालायची. "मी उगाच घाबरले," ती म्हणाली. "मला वाटलं आजार आहे. हे तर सातवीचं गणित निघालं."

तिच्याइतक्या वेगाने मला कधीच कशाचा आनंद होत नसे. मी ग्रंथालयातून मधुमेहावरची होती नव्हती ती पुस्तकं घरी आणली आणि एकट्याने वाचली. सगळी पुस्तकं भीती घालायची. मूत्रपिंड, पाय, डोळे. डोळ्यांपाशी मी थांबायचो. आमच्या घरात रविवारी दुपारी खिडकीशी दोन खुर्च्या असत, दोघांच्या हातात पुस्तकं असत, आणि तास तास कुणी बोलत नसे. एरवी अखंड बोलणारी बाई तेवढा वेळ गप्प असायची. आमचा संसार म्हणजे मला तरी त्या दोन खुर्च्याच वाटायच्या.

त्या काळी घरी रक्त तपासायची सोय आमच्यासारख्यांकडे नव्हती. लघवी तपासायची. औषधाच्या दुकानातून निळं द्रावण आणायचं, परीक्षानळीत थोडं ओतायचं, वर आठ थेंब टाकायचे आणि नळी चिमट्यात धरून तापवायची. निळं राहिलं तर साखर नाही. मग हिरवा, पिवळा, नारिंगी, आणि शेवटी विटकरी. हा प्रयोग बाल्कनीत चालायचा. मुलगी शाळेला निघताना दारातून ओरडायची, "आई, आज कोणता रंग?" आणि आतून उत्तर यायचं, "पोपटी! डब्यात बटाटा नाही!"

पहिल्यांदा द्रावण निळंच राहिलं तेव्हा तिने नळी खालच्या काकांनाही दाखवली. डॉक्टरांनी मात्र लगेच सांगितलं की रक्तातली साखर बरीच चढल्यावरच ती लघवीत उतरते. निळं म्हणजे सगळं ठीक असं नव्हे.

"आमच्या गच्चीवरच्या टाकीसारखं," ती म्हणाली. "वरच्या ओव्हरफ्लोच्या नळीतून पाणी वाहत नाही म्हणजे टाकी रिकामी आहे असं नाही. काठोकाठ भरलेलीही असेल."

"बाई, तुम्ही माझ्या पेशंटांची शिकवणी घ्या," डॉक्टर म्हणाले.

इतकं सगळं समजत असूनही तिने पुढे जे केलं ते कुणाही शिक्षिकेने केलं असतं. डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला सांगितलं होतं. आयुष्यभर परीक्षा घेतलेल्या बाईला त्या तारखा परीक्षेसारख्याच वाटल्या. परीक्षेच्या चार दिवस आधी आमच्या घरात अभ्यास सुरू व्हायचा. कारल्याचा रस यायचा. भात बंद व्हायचा. सकाळ-संध्याकाळ चंदनसार रोडवर ती अशी चालायची की ओळखीचे रिक्षावाले थांबून विचारायचे, "बाई, सोडू का कुठे?" पाचव्या दिवशी रिपोर्ट यायचा. एकशे आठ, एकशे चव्वेचाळीस. डॉक्टर शाबासकी द्यायचे, आणि त्या संध्याकाळी आमच्या घरी सुकेळ्यांचा डबा उघडायचा.

वसईची राजेळी केळी पिकली की सोलून उन्हात वाळवतात, त्यांची सुकेळी होतात. मधासारखा रंग, थोडी चिवट, आणि गोडी अशी की एक खाल्लं की बराच वेळ बोलू नये. भुईगावच्या वाड्यांमधली मुलं तिच्या वर्गात होती. हिवाळा सरता सरता त्यांच्या आया केळीच्या वाळलेल्या पानांत बांधलेले पुडे पाठवायच्या. माझ्या बायकोने सोनं कधी मागितलं नाही. सुकेळ्यांवर मात्र तिचा जीव होता. रिपोर्ट झाला की एक, दुसऱ्या दिवशी एक, मग शाळेतून आल्यावर एक. पुढच्या परीक्षेला तीन महिने असायचे.

मला हे माहीत होतं. डब्यातली पातळी रोज माझ्या डोळ्यांसमोर उतरत होती. मी बोललो नाही, कारण चांगला रिपोर्ट हातात आला की मलाही त्या रात्री छान झोप लागायची. सहा-सात वर्षं आम्ही दोघांनी मिळून ही परीक्षा दिली आणि दर वेळी पास झालो.

मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा एक दिवस बायको पेपर तपासताना म्हणाली, "अहो, ह्या मुलाने तीन काढलाय की आठ?" मी पाहिलं. आठ होता, स्वच्छ.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घातले, दिवा धरला आणि बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "साखर कशी असते?" बायकोने पर्समधून सात वर्षांचे रिपोर्ट काढले. तारखेप्रमाणे लावलेले होते, मीच लावले होते. त्यांनी ते चाळले.

"रिपोर्ट उत्तम आहेत," ते म्हणाले. "डोळा काही वेगळंच सांगतोय. पडद्यावर ठिपके आहेत. बारीक रक्तवाहिन्या पाझरतायत. असंच चालू राहिलं तर काही वर्षांनी वाचायला जड जाईल."

बसमध्ये तिने माझा हात धरला. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, चारचौघांत तिने हात धरल्याचं मला आठवत नाही.

आमच्या डॉक्टरांनी मग एक नवी तपासणी सांगितली. रक्त मुंबईला पाठवावं लागलं. त्यांनी समजावलं की रक्तातल्या तांबड्या पेशींना साखर चिकटून बसते, पेशी तीनेक महिने जगते, आणि तेवढ्या दिवसांत सरासरी साखर किती होती ते त्यावरून कळतं. आदले चार दिवस काय खाल्लं याने फारसा फरक पडत नाही. आकडा सातच्या आसपास हवा होता. तिचा आला नऊ पूर्णांक आठ.

डॉक्टरांनी कागद टेबलावर ठेवला आणि चष्मा काढला. "बाई, वर्गात आदल्या रात्री पाठ करून येणारी मुलं तुम्हाला कळतात?"

"पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकापर्यंत."

"मलाही आज कळली."

ती लाल झाली. मला वाटलं आता रडेल. ती एकदम हसायला लागली, तोंडावर पदर धरून, खांदे हलेपर्यंत. "पकडलं हो मला," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "पंचवीस वर्षं मुलांना सांगत आले, रोजचा अभ्यास रोज करा."

"आणि हे?" डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"हे पर्यवेक्षक," ती म्हणाली. "खिडकीतून बाहेर बघत बसलेले."

मी मान खाली घातली. घरी जाऊन मी तिला सांगितलं की डबा मला दिसत होता. "मला माहीत होतं तुम्हाला दिसतोय ते," ती म्हणाली. "म्हणून तर मी तो पुढे ठेवायचे. लपवून खाल्लं असतं तर चोरी झाली असती."

एका डोळ्याला लेसर करावं लागलं. गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकवायचं, असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. आमच्यापुढे तेवढं एकच काम उरलं.

मुलीला नोकरी लागली आणि पहिल्या पगारातून तिने आईला साडी न आणता बोटातून थेंब घेऊन साखर सांगणारं यंत्र आणलं. त्याच सुमारास आमच्या ग्रंथालयात संगणक आला आणि पुस्तकांची जुनी कॅटलॉग कार्डं निकालात निघाली. एका बाजूला पुस्तकाचं नाव, दुसऱ्या बाजूला नुसत्या रेघा. अशी खोकीच्या खोकी मी परवानगी घेऊन घरी आणली, लाकडी ड्रॉवरसकट. काय खाल्लं ते मी लिहायचं, आकडा तिने लिहायचा, अशी वाटणी ठरली. जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी ती बोट पुढे करायची.

ती वर्षं आमच्या आयुष्यातली सगळ्यात मजेची होती, हे मी आज शांतपणे लिहू शकतो. तिच्या हातात प्रयोगशाळा आली होती आणि उंदीरही तीच होती. ज्वारीची भाकरी आणि मेथी, एकशे बावन्न. तेच जेवण आणि वर वीस मिनिटं चालणं, एकशे चोवीस. "बघा, बघा, गंजका नळ फिरला!" पाव आणि भाजी, दोनशे दहा. लग्नाचं जेवण तिने लिहूच दिलं नाही.

सगळ्यात मोठा शोध संकष्टीला लागला. ती वर्षानुवर्षं संकष्टी आणि गुरुवार धरायची, आणि त्या दिवशी आपण कमी खाल्लं म्हणून साखर उतरली असणार असं दोघंही धरून चालायचो. त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी झाली होती, बटाटा घालून, वर रताळ्याचा कीस. दोन तासांनी यंत्राने दाखवलं दोनशे अडुसष्ट. तिने बोट धुऊन पुन्हा पाहिलं. दोनशे एकाहत्तर.

"म्हणजे इतकी वर्षं मी देवाच्या नावावर हौद भरत होते," ती म्हणाली. शेजारच्या वहिनींना ते पटेना. "अहो, उपासाचं कसं बाधेल?" बायकोने त्यांना कार्ड दाखवलं. पुढच्या संकष्टीपासून आमच्याकडे ताक, काकडी आणि मूठभर शेंगदाणे आले, आणि वहिनी चोरून कार्ड बघायला येऊ लागल्या.

शाळेत तर तिने कहर केला. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत ती यंत्र घेऊन बसायची, प्रत्येकाला नवी सुई. मैदानावर मुलांना घाम फोडणाऱ्या पीटीच्या सरांनी बोट पुढे केलं आणि डोळे गच्च मिटून घेतले. "सर, अजून टोचलं नाही," ती म्हणाली. त्यांचा आकडा दोनशे चाळीसच्या वर निघाला. सरांना डॉक्टरांकडे तीच घेऊन गेली, आणि पुढे ते तिला गुरू म्हणायचे.

एका जानेवारीत, रविवारी सकाळी, आम्ही भुईगावच्या किनाऱ्यावर फिरायला गेलो. तिने गोळी घेतली होती, पण आकडा सुंदर यावा म्हणून नाश्ता जेमतेम केला होता. जुनी सवय अगदीच सुटली नव्हती. वाळूत आम्ही बरंच लांब गेलो. परत गावाच्या वाटेला लागलो तेव्हा ती माझ्यावर चिडायला लागली. मी छत्री का आणली नाही म्हणाली. आकाशात ढग नव्हता. तिच्या कपाळावर घाम होता आणि ओठ पांढरे दिसत होते.

मला काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, "सतरा सत्ते?"

एरवी प्रश्न संपायच्या आत उत्तर यायचं. ती माझ्याकडे बघत राहिली. "सतरा सत्ते," ती म्हणाली, आणि थांबली. पुन्हा म्हणाली, "सतरा सत्ते." तिला येत नव्हतं.

पुस्तकांत मी ते वाचलं होतं. साखर फार खाली गेली की मेंदूलाच पुरत नाही. समोर एक वाडी होती, दारात क्रूस, केळीची झाडं. अंगणात एक बाई भाजीच्या जुड्या बांधत होती. तिने वर पाहिलं आणि ओळखलं, तिचा मुलगा नववीला हिच्याच वर्गात होता. मी म्हटलं, साखर, पाणी, लवकर. तिने काही विचारलं नाही. आत गेली आणि पेला घेऊन आली, तळाशी साखर अजून विरघळत होती.

"अगं, मला साखर चालत नाही," माझी बायको म्हणाली.

"बाई, आधी प्या, मग शिकवा," ती बाई म्हणाली.

ती प्यायली. मी यंत्र काढलं. बावन्न. आम्ही ओट्यावर बसलो. घरात ते लोक आपल्या बोलीत बोलत होते, आमच्याशी मात्र शाळेतली मराठी. त्या बाईने केळीच्या पानातला पुडा सोडून एक सुकेळं बायकोच्या हातावर ठेवलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तीन वर्षांनी तिने सुकेळं खाल्लं, अगदी सावकाश, कडेकडेने. दहा-पंधरा मिनिटांत ओठांना रंग आला. समोर कोंबड्या फिरत होत्या, त्यांच्याकडे बघत ती म्हणाली, "एकशे एकोणीस."

मी यंत्राकडे पाहिलं. यंत्र बंद होतं.

"अहो, सतरा सत्ते एकशे एकोणीस."

मग मीच रडलो. वाडीतल्या बाईने मलाही एक सुकेळं दिलं, कारण तिला दुसरं काही सुचेना.

डॉक्टरांनी गोळी कमी केली, आणि पोटात काही नसताना एवढं चालू नका म्हणून मुलांसारखं रागावले. जवळ नेहमी काहीतरी गोड ठेवायला सांगितलं. पर्समध्ये ग्लुकोजची पुडी आली. तिच्या आग्रहावरून एक सुकेळंही आलं, पण ते माझ्या खिशात. कधी फिरताना ती मध्येच थांबायची, हात हलवून दाखवायची आणि बारीक आवाजात म्हणायची, "अहो, मला जरा थरथरल्यासारखं होतंय हो."

"बोट दे."

"इतका अविश्वास?"

"बोट."

एकशे बेचाळीस. "नापास," मी म्हणायचो. ती पुढे दोन पावलं चालायला लागायची.

तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा पहिल्यांदा सातच्या खाली आला, सहा पूर्णांक नऊ, तेव्हा तिने दवाखान्यातच माझ्या खिशातलं सुकेळं मागून घेतलं. कंपाउंडरकडून सुरी घेतली आणि चार तुकडे केले. एक कंपाउंडरला, तो तिचा जुना विद्यार्थी, एक डॉक्टरांना, एक मला, एक तिला. चौघंही काही वेळ बोललो नाही.

डोळ्यांचे डॉक्टर दर वर्षी दिवा धरून बघायचे आणि म्हणायचे, आहे तसंच आहे. एवढं वाक्य ऐकायला आम्ही बसने जायचो आणि परत येताना शहाळं न पिता फक्त त्याच्याकडे बघायचो. ती निवृत्त होईपर्यंत पेपर स्वतः तपासत होती. खिडकीतल्या दोन खुर्च्या तशाच राहिल्या, आणि नंतर ती बोलायचीही जास्त, कारण पुस्तकातलं जे आवडेल ते वाचून दाखवायला लागली होती.

ती हृदयाच्या झटक्याने गेली, एका सकाळी, शाळेच्या वेळेला. डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांच्या मधुमेहाचा त्यात वाटा असू शकतो. असेल. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. आदल्या दुपारी तिने मला दहा पानं वाचून दाखवली होती.

आता मी जेवणानंतर वीस मिनिटं चालतो. दर हिवाळ्यात भुईगावहून पुडा येतो. त्या वाडीतला मुलगा आता स्वतः केळी लावतो. ड्रॉवरमध्ये कार्डं आहेत. शेवटच्या कार्डावर माझ्या अक्षरात लिहिलं आहे: दुधी, दीड भाकरी, ताक, चालणे. खाली एकशे एकतीस हा आकडा आहे. तो तिने लिहिलेला आहे, लहान, नीट, कार्डावरच्या रेघेवर.